बाप्तिस्मा, बुडणे आणि बाटणे
(प्रस्तावना)

मराठीत ‘बाप्तिस्मा’ हा शब्द ‘चष्मा’सारखा चालतो. बाप्तिस्म्याचा दाखला, बाप्तिस्म्याचे पाणी, एकाच दिवशी झालेले चार बाप्तिस्मे. परका शब्द घरात किती रुळला, हे त्याच्या सामान्यरूपावरून कळते. ‘बाप्तिस्म्या’तला तो ‘म्या’ म्हणजे मराठीने या शब्दाला दिलेला नागरिकत्वाचा कागदच आहे. व्याकरणाने त्याला कधीच सामावून घेतले. अर्थाचे मात्र तसे झाले नाही.

‘बारसे’ हा शब्द थोडा खरवडला की बारावा दिवस दिसतो. ‘मुंज’ म्हटले की मुंज गवताची मेखला आणि ती कमरेला बांधलेला बटू समोर उभा राहतो. ‘बाप्तिस्मा’ मराठी कानाला असे काहीच सांगत नाही. ज्यांना त्याचा अर्थ ठाऊक आहे, त्यांनाही तो शब्दातून कळलेला नसतो, विधी पाहून कळलेला असतो. मी तान्हा असताना माझा बाप्तिस्मा झाला. शाळेत एका मित्राने विचारले, “म्हणजे काय रे?” मी बिनदिक्कत सांगितले, “आमच्यात नाव ठेवतात, ते.” पुढे कळले की महाराष्ट्रातल्या पुष्कळ लोकांची, आणि आमच्यातल्याही अनेकांची, हीच समजूत आहे. त्या प्रसंगी नाव घेतले जाते, हे खरे. पण शब्दात नावाचा मागमूस नाही. त्या चुकीच्या उत्तराची टोचणी मनात राहिली, आणि तिच्यामुळेच मी या शब्दाच्या मागे लागलो. पुढच्या प्रकरणांत त्या शोधाचा तपशील येईल. इथे त्याची वाट दाखवतो आणि मला त्यातून काय दिसले ते सांगतो.

शब्द ग्रीक आहे. मूळ क्रियापद ‘बाप्तो’. अर्थ साधा, कामकरी माणसाचा: बुचकळणे. रंगारी कापड रंगाच्या पिंपात बुचकळतो, त्या क्रियेला ग्रीक माणूस ‘बाप्तो’ म्हणे, आणि त्याच धातूवरून रंगाऱ्याला ‘बाफेउस’. होमरच्या ‘ओडिसी’च्या नवव्या सर्गात एकाक्ष राक्षसाच्या डोळ्यात तापलेला सोट खुपसला जातो, तेव्हा कवी लोहाराची उपमा देतो. लोहार लालबुंद कुऱ्हाड थंड पाण्यात घालतो, ती चरचरते आणि लोखंडाला बळ येते. तिथले क्रियापद ‘बाप्तो’चेच आहे. आपला लोहार विळ्याला ‘पाणी देतो’ ते हेच. बुचकळून काढलेली वस्तू पहिल्यासारखी राहत नाही. कापडाचा रंग बदलतो, लोखंडाचा स्वभाव बदलतो. धर्माचा संबंध येण्याच्या कितीतरी आधी हे या धातूत होते.

‘बाप्तो’पासून ‘बाप्तिझो’ झाले आणि अर्थ खोल गेला. आता नुसते बुचकळणे नाही, बुडणे किंवा बुडवणे. पॉलिबियस हा इतिहासकार समुद्रावरच्या लढाईत बुडवल्या जाणाऱ्या जहाजांसाठी हे क्रियापद वापरतो. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मध्ये नाटककार ॲरिस्टोफनीस आदल्या रात्रीच्या मद्यपानाबद्दल बोलताना आपण त्यात बुडालेल्यांपैकी एक होतो असे याच शब्दाने सांगतो. प्लुटार्क हा चरित्रकार ओथो या रोमन सरदाराचे वर्णन कर्जात बुडालेला असे करतो, तेही याच शब्दाने. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. जहाज बुडते, माणूस दारूत बुडतो, कर्जात बुडतो. ग्रीकांच्या ‘बाप्तिझो’ला आपल्याकडे जवळजवळ सख्खा भाऊ आहे आणि तो म्हणजे आपला रोजचा ‘बुडणे’. लाक्षणिक अर्थांसकट तो जुळतो. इंग्रजीत या शब्दाला इतके नेमके जुळणारे क्रियापद शोधावे लागेल. आपल्याला शोधावे लागत नाही. तरी आपण तो वापरला नाही. का वापरला नाही, हीच या पुस्तकाची कथा आहे.

ग्रीक शब्दाला धर्माचे वळण लागले ते यहुदी लोकांमुळे. हिब्रूत ‘ताबल’ असे क्रियापद आहे, अर्थ पुन्हा बुडवणे. इसवी सनापूर्वी यहुदी पंडितांनी आपली शास्त्रे ग्रीकमध्ये आणली, तेव्हा अरामी सेनापती नामानाच्या गोष्टीत या ‘ताबल’साठी त्यांनी ‘बाप्तिझो’ घेतले. कोड झालेला नामान अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो आणि शुद्ध होतो. पण त्याच भाषांतरात ‘ताबल’चे दुसरे एक रूपांतर आहे आणि ते मला फार विलक्षण वाटते. योसेफाचे भाऊ त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवतात आणि बापाला दाखवतात. तिथे हिब्रूत ‘ताबल’ आहे, ग्रीक भाषांतरकारांनी मात्र ‘मळवला, डागाळला’ अशा अर्थाचा शब्द लिहिला. म्हणजे एकाच क्रियेतून माणूस शुद्धही होतो आणि वस्त्र कलंकितही होते. कशात बुडवले यावर सगळे अवलंबून. ‘बुडवणे’ आणि ‘बाटवणे’ यांचे नाते दोन हजार वर्षांहूनही जुन्या त्या भाषांतरात असे अभावितपणे उमटून गेले आहे. महाराष्ट्रात ते पुन्हा कसे उभे राहिले, हे पुढे येईलच.

यहुदी घराण्यांत शुद्धीसाठी बुडी मारण्याची रीत होती, आजही आहे. तिच्यासाठी ‘मिक्वे’ नावाचा हौद असतो. त्यात पावसाचे किंवा झऱ्याचे पाणी लागते, निदान चाळीस ‘सेआ’ इतके, म्हणजे अख्खे अंग बुडेल एवढे. मात्र तिथे माणूस स्वतःच बुडी मारतो. यार्देनकाठी योहान आला आणि तो दुसऱ्यांना पाण्यात घालू लागला. हे लोकांना इतके वेगळे वाटले असावे की त्याचे नावच पडले ‘बाप्तिस्तेस’, बुडवणारा. हे फक्त शुभवर्तमानात नाही. पहिल्या शतकाच्या शेवटी लिहिणारा यहुदी इतिहासकार जोसेफस यानेही त्याचा उल्लेख याच टोपणनावाने केला आहे. यार्देनच्या पूर्वतीरावर, आजच्या जॉर्डन देशात, जिथे योहानाचे स्मरण केले जाते त्या जागेला अरबीत ‘अल-मग्तस’ म्हणतात. त्याचाही अर्थ बुडी मारण्याची जागा. २०१५ साली युनेस्कोने ती जागतिक वारशाच्या यादीत घेतली. जागेच्या नावाने अर्थ जपला आणि विधीच्या नावाने तो आपल्यापासून झाकला.

नव्या करारात शब्दाचे आणखी एक रूप दिसते. बुडवून धुण्यासाठी ग्रीकमध्ये ‘बाप्तिस्मोस’ असे नाम होते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्याले आणि घागरींच्या बाबतीत ते आलेले आहे. योहानाच्या आणि ख्रिस्ती विधीसाठी मात्र ‘बाप्तिस्मा’ हे वेगळे रूप येते, आणि नव्या कराराच्या आधीच्या ग्रीक लेखनात ते सापडत नाही. म्हणजे पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती लोकांनी जुन्या धातूपासून आपल्या अनुभवासाठी नवे नाणे पाडले असे दिसते. आपण मराठीत उच्चारतो तो ‘बाप्तिस्मा’ अक्षरशः तेच नाणे आहे. इंग्रजीने शेवटचा ‘आ’ गाळला, पोर्तुगीजने ‘ओ’ लावला, आपण ग्रीक अंत्यस्वर जसाच्या तसा ठेवला. मराठी बायबलच्या भाषांतरकारांची दुसरी गोष्टही ध्यानात घ्यावी. प्याले-घागरींच्या ओळीत त्यांनी त्याच धातूच्या शब्दाला सरळ ‘धुणे’ म्हटले. भांड्यांचे भाषांतर झाले, माणसांचे राहिले.

आणि माणसांच्या बाबतीत त्या शब्दात किती काही होते! येशू आपल्या येऊ घातलेल्या मरणाला ‘बाप्तिस्मा’ म्हणतो. प्रेषित पौल रोमकरांस लिहिताना म्हणतो की ज्यांनी हा विधी घेतला ते ख्रिस्ताच्या मरणात उतरले, त्याच्याबरोबर पुरले गेले आणि नव्या जीवनासाठी उठले. पाण्याखाली जाणे म्हणजे मरणे, वर येणे म्हणजे जन्मणे. करिंथमधला एखादा गोदी कामगार पौलाचा तो शब्द ऐके, तेव्हा त्याला बुडणारे जहाज आठवे, कर्जात बुडालेला शेजारी आठवे. त्या भयावर पाय ठेवून सुवार्ता उभी होती. ‘बाप्तिस्मा’ या शब्दात आज मराठी माणसाला ते भय ऐकू येत नाही. माझ्या मते हे फार मोठे नुकसान आहे.

मग पाणी किती? वाद इथून सुरू झाला आणि अजून मिटलेला नाही. पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे ‘दिदाखे’ नावाचे एक छोटे शिकवणपुस्तक आहे. फिलोथेओस ब्रायेनिओस या ग्रीक धर्मगुरूंना त्याची प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये मिळाली आणि १८८३ साली त्यांनी ते छापले. त्यातली सूचना एखाद्या समंजस आजीने द्यावी तशी आहे: वाहते पाणी असेल तर उत्तम, नसेल तर दुसरे चालेल, थंड सोसत नसेल तर कोमट घ्या, आणि पुरेसे पाणीच नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. इतक्या आरंभीच्या काळात बुडवणे आणि ओतणे दोन्ही मान्य होते, ही गोष्ट नंतर भांडणाऱ्यांनी लक्षात ठेवली असती तर पुष्कळ दुःख टळले असते.

लॅटिनने एक पेच अनुभवला, तोच पुढे आपल्यापुढे आला. आफ्रिकेतला तेर्तुलियन हा लेखक इसवी सन २०० च्या आसपास या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहितो. तो ‘बुचकळणे, रंगात घालणे’ या अर्थाचे अस्सल लॅटिन क्रियापदही वापरतो. पण चर्चमध्ये अखेर टिकला तो ग्रीक शब्दच. सिरियाक भाषेने मात्र स्वतःचा शब्द ठेवला, ज्याच्या धातूचे नाते इतर सेमिटिक भाषांत उभे राहण्याशी आहे. केरळच्या संत थोमा परंपरेतील ख्रिस्ती तो ‘मामोदीसा’ म्हणून आजही बोलतात. तमिळांनी ‘ज्ञानस्नान’ केले. रशियनमध्ये विधीचा शब्द क्रूसाशी जोडलेला आहे. जर्मन ‘टाउफे’चे नाते ‘खोल’ या अर्थाच्या शब्दाशी आहे, हे खुद्द ल्यूथरने १५१९ सालच्या प्रवचनात सांगितले आहे. चिनी बायबल तर दोन आवृत्त्यांत निघते, एकीत ‘बुडवणे’, दुसरीत ‘धुणे’, ज्याने त्याने आपापली घ्यावी. एवढी भाषांतरे जगात झाली आहेत. तेव्हा हा शब्द भाषांतराला वश होत नाही असे म्हणण्यात अर्थ नाही.

शब्दासाठी माणसे मेलीही. १५२५ च्या जानेवारीत झुरिक शहरात काही जणांनी ठरवले की तान्हेपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे. विश्वास आधी, पाणी नंतर. त्यांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. लोकांनी त्यांना ‘पुन्हा बाप्तिस्मा घेणारे’ असे नाव दिले. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ रोजी झुरिकच्या नगरसत्तेने लिमात नदीत बुडवून मारले. बुडवणे हाच ज्याच्या श्रद्धेचा शब्द, त्याला शिक्षाही बुडवण्याचीच. ही हकीगत वाचताना आजही अंगावर काटा येतो.

आता मराठीकडे. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सेलम बंदरातून ‘कॅराव्हॅन’ नावाचे जहाज कलकत्त्याकडे निघाले. त्यात ॲडोनिराम जडसन हा तरुण मिशनरी होता. ज्या संस्थेने त्याला पाठवले ती तान्ह्या मुलांना पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणाऱ्यांची. कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला विल्यम केरी आणि त्याचे सहकारी होते, ते प्रौढांना पाण्यात बुडवणारे बाप्तिस्त. त्यांच्याशी वाद घालायची तयारी म्हणून जडसन प्रवासभर या एका ग्रीक शब्दाचा अभ्यास करत बसला आणि अभ्यासाअंती त्यालाच पटले की शब्दाचा अर्थ बुडवणे असाच आहे. ६ सप्टेंबर १८१२ रोजी त्याने आणि त्याच्या पत्नीने कलकत्त्यात पुन्हा बाप्तिस्मा घेतला, जुन्या संस्थेचा राजीनामा दिला आणि १८१३ मध्ये तो ब्रह्मदेशात गेला. त्याच संस्थेने दुसऱ्या जहाजातून पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांनी मत बदलले नाही. ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. म्हणजे एका क्रियापदावरून एक तुकडी दुभंगली. एक वाट रंगूनला गेली, दुसरी मुंबईला आली आणि पुढे अहमदनगरला पोचली. आमच्या मंडळ्यांचा इतिहास त्या दुसऱ्या वाटेने आला.

मराठीत नवा करार पहिल्यांदा छापला तो श्रीरामपूरकरांनी, १८११ मध्ये. केरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत असे. वैजनाथ शर्मा या पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश काढला. श्रीरामपूरचे बाप्तिस्त भाषांतरकार या ग्रीक शब्दाचे देशी भाषांत भाषांतर करण्याच्या मताचे होते, बुडवण्याच्या अर्थाने. इतर पंथांच्या मिशनऱ्यांना ते रुचले नाही. बंगाली नव्या करारावरून १८३० च्या दशकात प्रकरण चिघळले. ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने अट घातली: हा शब्द इंग्रजी बायबलप्रमाणे मूळ रूपातच ठेवा, किंवा इतर पंथांची हरकत नसेल असा शब्द घ्या, नाहीतर पैसे मिळणार नाहीत. अमेरिकेतल्या बायबल सोसायटीनेही १८३६ मध्ये तेच धोरण धरले. बाप्तिस्तांनी मग अमेरिकेत १८३६ मध्ये आणि इंग्लंडमध्ये १८४० मध्ये आपल्या वेगळ्या संस्था काढल्या. शब्दाचा अर्थ सांगावा की नाही, यावर समुद्राच्या दोन्ही तीरांवर संस्था फुटल्या.

मराठी बायबलचे काम तोपर्यंत मुंबईकडे आले होते. अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नवा करार छापला आणि संपूर्ण बायबल १८४७ मध्ये आले. हे काम करणारे शिंपडण्याच्या पंथाचे. त्यांच्या परंपरेत ‘बाप्तिस्मा’ स्थिरावला. ‘बुडवणे’ म्हटले तर बाप्तिस्त जिंकतात, ‘शिंपडणे’ म्हटले तर मूळ ग्रंथाशी प्रतारणा होते. शब्द बंद ठेवला तर सगळे एका पुस्तकाभोवती बसू शकतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. मी देत नाही. शिवाय मराठीचीही एक अडचण होतीच. आपल्याकडे ‘बुडवणे’ म्हणजे घर बुडवणे, पैसे बुडवणे, कूळ बुडवणे. ‘बुडवणारा योहान’ म्हटले असते तर खेड्यातल्या माणसाला सावकार किंवा ठक आठवला असता. अर्थात ग्रीक शब्दालाही हीच काळी बाजू होती आणि ती असूनच, किंबहुना ती होती म्हणूनच, पौलाने तो वापरला. तेवढे धाडस आपल्या भाषांतरकारांनी केले नाही.

त्याआधी दोनशे वर्षे गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी असाच निर्णय घेतला होता. १६१६ मध्ये राशोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्यांनी स्वर्गाला बेधडक ‘वैकुंठ’ म्हटले, पण चर्चच्या कितीतरी संज्ञा पोर्तुगीज वळणाच्याच ठेवून ओवीत बसवल्या. देवाची कथा मराठीत सांगायची, पण संस्काराचे नाव परके ठेवायचे, ही रीत तिथूनच दिसते. कॅथलिक मराठीत पुढे ‘स्नानसंस्कार’ हा सुंदर शब्द आला आणि वसईकडच्या लेखनात तो सहज वाचायला मिळतो. त्यात पाणी आहे, पावित्र्य आहे. फक्त मरण नाही.

शब्द बंद ठेवला की त्याचा अर्थ नाहीसा होत नाही; बाहेरचे लोक तो ठरवतात. बाप्तिस्म्याला मराठी समाजाने स्वतःचे भाषांतर दिले: ‘बाटणे’. उच्चारातल्या साम्यावरून दोन्ही शब्दांचे रक्ताचे नाते जोडण्याचा मोह टाळावा. नाते ध्वनीचे नाही, अर्थाचे आहे, आणि तेही उलटे. एक शब्द म्हणतो धुतला गेला, दुसरा म्हणतो विटाळला. दोन्हींच्या मध्ये पाणीच आहे. वसई आणि गोव्याकडे अजून एक कथा सांगतात: फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला, गावाने ते पाणी प्यायले आणि गाव बाटले. इतिहास म्हणून ही कथा फार सोपी आहे; सोळाव्या शतकातल्या धर्मांतरांमागे सत्ता, जमीन, जाच, आशा आणि श्रद्धा अशी अनेक कारणे होती. पण लोकमनाचा दस्तऐवज म्हणून ती बहुमोल आहे. चर्चच्या लेखी माणूस पाण्यात उतरून, नाव घेऊन, कबुली देऊन ख्रिस्ती होतो. लोककथेच्या लेखी तो नकळत घोट घेऊन होतो, आणि परतीची वाट नसते.

१८४३ मध्ये ही दोन मापे मुंबईत समोरासमोर आली. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींच्या घरी राहिला, त्यांचे अन्न जेवला, पण त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो अल्पवयीन म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मग प्रश्न उभा राहिला की हा बाटला की नाही? चर्चच्या हिशेबाने काहीच घडले नव्हते. जातीच्या हिशेबाने सगळे घडून गेले होते. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याचा पक्ष धरला आणि त्यासाठी स्वजातीयांचा रोष पत्करला. एकाने पाणी मोजले, दुसऱ्याने अन्न. मधल्या मुलाचे काय झाले असेल याचा विचार मला या सगळ्या वादापेक्षा अधिक छळतो.

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती लेखकांना हा शब्द आयुष्यभर पुरला. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये बेळगावात झाला. ‘अरुणोदय’ या त्यांच्या आत्मचरित्राची सगळी वाट त्या दिवसाकडे जाते. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ मध्ये त्यांनी निर्भयपणे लिहिले, की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे जागरण झाले, त्याला तिथले लोक पवित्र आत्म्याचा आणि अग्नीचा बाप्तिस्मा म्हणत. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्रम्स यांनी त्यावर १९०६ मध्ये पुस्तक लिहिले. ते दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत वाल्पाराइसो शहरी पोचले आणि १९०९ मध्ये तिथल्या मेथडिस्ट मंडळीत उसळलेल्या जागृतीला त्याने चेतवले. ग्रीसहून निघालेला शब्द पुणे जिल्ह्यातून चिलीला गेला! त्या प्रकरणात पाण्याचा थेंबही नव्हता. बुडणे मात्र पुरेपूर होते.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्या एका दिवसाने लक्ष्मीबाईंच्या संसाराचे काय केले, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कुणालाही सांगायला नको. नवरा जिवंत असून दुरावलेला, आप्त हळहळणारे; आणि पाच वर्षांनी त्यांनी स्वतः, स्वतःच्या विचाराने, तेच पाऊल उचलले. मराठीत या शब्दाचा अर्थ कुठल्याही धर्मज्ञानाच्या ग्रंथापेक्षा त्या पुस्तकात जास्त आहे, हे माझे ठाम मत आहे. आणि टिळक? त्यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचे ते बंधुमंडळ. ज्याने या एका विधीसाठी घर, जात, आप्त सगळे पणाला लावले, तोच बावीस वर्षांनी म्हणतो की पाण्याची रेषा ओलांडली नाही तोही माझा भाऊ. त्यांनी विधी नाकारला नव्हता. त्याची भिंत होऊ देण्याचे नाकारले. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबार मोडला. माझ्या लेखी तो मराठी ख्रिस्ती विचाराचा सर्वात उंच क्षण आहे.

पाणी किती आणि केव्हा, या जुन्या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. त्यांत तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारे होते, तसेच फक्त प्रौढांना पाण्यात बुडवणारे बाप्तिस्त आणि ब्रदरन होते. अनेक वर्षांच्या बोलण्यांत सर्वांत अवघड ठरलेल्या प्रश्नांपैकी बाप्तिस्मा हा एक होता. अखेर दोन्ही रीती एका छताखाली मान्य झाल्या. ज्या वादात मान्झ बुडवला गेला, त्या वादातले दोन्ही पक्ष नागपुरात एका मंडळीचे सभासद झाले.

हा शब्द आता बदलावा असे माझे म्हणणे नाही. दोनशे वर्षांच्या प्रार्थना, आसवे, दाखले आणि कबरींवरचे लेख त्याला चिकटले आहेत. ‘बाप्तिस्म्या’ऐवजी ‘निमज्जन’ घालणारा सुधारक फक्त एका परक्या शब्दाच्या जागी दुसरा परका शब्द आणील. माझे म्हणणे एवढेच की शब्द ठेवा, पण त्याच्या आतले ‘बुडणे’ मोठ्याने बोला. रविवारच्या शाळेत मुलांना सांगा, वेदीवरून सांगा, शेजाऱ्याने विचारले तर त्याला सांगा. ‘नाव ठेवतात, ते’ असे उत्तर आणखी एका पिढीने देऊ नये.

पुढील प्रकरणांत ग्रीक-हिब्रू पूर्वपीठिका, भाषांतराचा झगडा आणि मराठी घरांतल्या आठवणी या क्रमाने येतील. आठवणींचे प्रकरण सर्वांत अपुरे आहे. जालन्याकडच्या एका म्हातारबाईने मला सांगितले, की तिची आई ‘बाप्तिस्मा झाला’ असे कधीच म्हणत नसे, ‘पाण्यातून निघाले’ म्हणे. असा शब्द कुठल्या कोशात मला सापडला नाही. तुमच्या घरी आजी, पणजी या विधीला काय म्हणत असत, ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. आणि मंडळीच्या कपाटात जुनी बाप्तिस्म्याची नोंदवही वाळवीच्या तोंडी जात असेल, तर ती आधी बाहेर काढा.